दहाच्या वर

नळीवर नाव लिहिताना पेन अडलं.
वीस वर्षं लिहितेय, फोंड्याच्या तिस्कावर,
बेकरीमागच्या या खोलीत, दुसऱ्यांची नावं:
प्रियोळचे भटजी, उसगावचा ट्रकवाला,
पहिलटकरीण म्हणून आलेली कुर्टीची पोर.
आज माझं.
अनुप्रिता खांडेपारकर, स्त्री, सेहेचाळीस.

डॉक्टर फुर्तादो म्हणाले, सगळ्यांनी टायटर करून घ्या.
लस टोचली म्हणजे झालं असं नसतं, बाये.
शरीर धडा शिकलं की नुसती हजेरी लावून आलं,
ते एकदा विचारावं लागतं.
दहाच्या वर आकडा आला तर पास.

किट उघडंच होतं, मी सगळंच लावलं.
विषाणू: नाही.
आकडा: तीनशे बारा.
शाळेत गणितात मिळाले नव्हते एवढे.
आणि मग खालची ओळ.
कोअर अँटीबॉडी: रिअ‍ॅक्टिव्ह.

पुन्हा लावलं. ताजी नळी, दुसरं किट.
तेच.

याचा अर्थ मीच लोकांना सांगते, काउंटरवरून, हळू आवाजात.
लस शरीराला शत्रूचा नुसता कोट दाखवते,
खुंटीवर टांगलेला, आत माणूस नसलेला.
ही दुसरी खूण उमटते
तो स्वतः घरात येऊन गेला असेल तरच.
आला होता. राहिला. हाकलला गेला.
आणि मी, घरमालकीण, गाढ झोपलेली.
लग्नाच्या वर्षी घेतलेले ते तीन डोस म्हणजे
मॅट्रिक झालेल्याला बिगरीत बसवणं.

कधी आला असेल?

शिरोड्याचा कंपाउंडर आठवतो, काचेची सिरिंज,
स्टोव्हवर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं,
पाण्याला उकळी फुटायच्या आधीच उचललेली सुई.
तापाची साथ होती. ओटीवर पोरांची रांग.
मी पाचवी, माझ्या मागे पुरसो,
माझ्या फ्रॉकचा बंद मुठीत धरून.
मी रडले. तो नाही रडला.

पुरावा नाही. सुई केव्हाच गंजून मातीत गेली.

पुरसो एकोणचाळिसाव्या वर्षी पिवळा पडला.
गाव म्हणालं, फेणी.
जो सोड्यातसुद्धा लिंबू पिळू द्यायचा नाही, त्याला.
कुणी मुळीचा रस दिला, कुणी दंडावर डाग दिला,
चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले,
पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं.
बांबोळीला नेलं तेव्हा पोट घागरीएवढं.
फाईल भावजयीने ट्रंकेत ठेवली, लग्नाच्या शालूखाली.

आणि मी, जिचं पोट दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचण्यावर चालतं,
सात वर्षांत ती फाईल मागितली नाही.

रविवारी मागितली.
दुसऱ्याच पानावर होतं, खाली निळी रेघ मारून.
शेवटच्या पानावर शिक्का, तिरका, शाई संपत आलेली:
घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी.
भावजय म्हणाली, तो शिक्का सगळ्याच कागदांवर असतो ना?

मंगळवारी तिघं आली, सकाळच्या कदंबाने.
सुफला, आणि दोन्ही मुलं.
आडनाव लिहिताना हात हलला, खोडलं नाही.
तिची नळी माझ्यासारखीच निघाली, येऊन गेलेला, गेलेला.
थोरलीची नऊशेच्या पुढे, शाळेतली लस इमानाने शिकलेली.
धाकट्या वरदचं आधी विषाणू बघितलं. नाही.
मग कोअर. नाही.
मग आकडा.
तीन.

उंची बापाची, खांदे बापाचे,
सुई बघून तोंड फिरवणं मात्र माझं.
आत्ये, तीन म्हणजे कमी काय?
कमी रे. दहा लागतात.
मग?
मग आज एक टोच. महिन्याने एक. सहाव्या महिन्यात एक.
आणि त्यानंतर महिना-दीड महिना थांबून, इथेच, याच खुर्चीत,
मी तुला पुन्हा विचारणार.

पॅकेट त्याच्यासमोर फाडलं,
कागद चर्रकन वाजला पाहिजे, हे मी मुद्दाम करते.
त्याने माझ्या अ‍ॅप्रनचा बंद धरला होता.
सतरा वर्षांचा घोडा.
मी सांगितलं नाही, सोड म्हणून.